जुना रेडिओ : वाजवण्याआधी आणि वाजवल्यानंतर
वाचकांचे प्रश्न, संग्राहकाची उत्तरे

व्हॉल्व्हच्या (म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या) आणि सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर रेडिओंविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख 'संच पुन्हा वाजेल का' असा आहे. माझी उत्तरे मात्र वारंवार दुसऱ्याच मुद्द्याकडे वळतील : आज आपण संचात जे करू, ते उद्या कोणाला पूर्ववत करता येईल का? ही माझी खोड समजून वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. तो कित्येक वर्षे बंद आहे, पण वायर आणि प्लग शाबूत दिसतात. एकदा प्लग लावून पाहायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत आहे, आणि ती मोठी आहे. जुने संच वापराने बिघडतात त्यापेक्षा अधिक संख्येने, दीर्घ विश्रांतीनंतर उत्सुकतेपोटी एकदम चालू केल्यामुळे कायमचे निकामी होतात. याचे कारण समजून घेतले तर पुढची सगळी काळजी आपोआप पटते.

वीजपुरवठा गाळून सपाट करणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजेच फिल्टर कंडेन्सर, ज्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरावर काम करतात, तो थर वापर थांबला की हळूहळू झिजतो, आणि आतला द्रवही वाळत जातो. अशा कंडेन्सरवर एकाएकी तीनशे व्होल्ट आले की तो जवळजवळ शॉर्ट झाल्यासारखा वागतो, त्यामुळे रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसी विजेची डीसी करणारा) जळतो आणि कधीकधी त्याच्यासोबत मेन्स ट्रान्सफॉर्मरही जातो. व्हॉल्व्ह दुसरा मिळतो. त्या संचासाठीच गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर सहसा मिळत नाही.

त्याहून फसवा असतो तो मेणात बुडवलेल्या कागदी कंडेन्सरांपैकी एक, म्हणजे पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडपासून (उच्च व्होल्टेजच्या धन टोकापासून) स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीपर्यंत) जाणारा. त्याचे काम फक्त आवाजाचा सिग्नल पुढे पाठवण्याचे आणि डीसी व्होल्टेज अडवण्याचे असते. कागद दमट होऊन त्याची गळती दहा मेगओहमवर आली, अ‍ॅनोडवर शंभर व्होल्ट असले आणि ग्रिडचा रेझिस्टर अर्ध्या मेगओहमचा असला, तर ग्रिडवर सुमारे पावणेपाच व्होल्ट धन दाब येऊन बसतो. ईएल८४ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हला तेथे साधारण सात व्होल्ट ऋण दाब लागतो. म्हणजे लगाम निम्म्याहून अधिक सुटला. व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे केसासारखे बारीक तांब्याचे वेटोळे वितळून तुटते. गंमत अशी की हे सगळे होत असताना संच वाजत असतो, कधीकधी बऱ्यापैकी वाजत असतो, आणि मालक खूश असतो. साध्या मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर ही गळती दिसेलच असे नाही, कारण मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो आणि गळती खऱ्या दाबाखाली प्रकट होते. म्हणून हा एक कंडेन्सर तपासत बसण्यापेक्षा संच चालू करण्याआधीच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता क्रम सांगतो. आधी प्लग न लावता मागचा पुठ्ठा काढावा आणि चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. धूळ मऊ ब्रशने झाडावी. व्हॉल्व्ह काढताना कोणता कोठे होता हे लिहून ठेवावे, आणि काचेवरच्या अक्षरांना ओले बोटही लावू नये. ती छपाई चटकन पुसली जाते. पुसली गेलीच असेल तर काचेवर हलकेच वाफ सोडून तिरप्या उजेडात पाहावे, पुष्कळदा अक्षरांचा ठसा दिसतो. त्यानंतर रबराच्या वेष्टनाच्या वायरी पाहाव्यात. १९३० आणि १९४० च्या दशकांतले रबर वाकवताच बिस्किटासारखे तुटते, तेव्हा त्या वायरी उगाच हलवू नयेत. फ्यूज योग्य क्षमतेचा आहे ना, व्होल्टेज निवडण्याची चकती आपल्या पुरवठ्याशी जुळती आहे ना, हेही याच वेळी पाहावे. वर सांगितलेला कागदी कंडेन्सर आणि फिल्टर कंडेन्सर बदलल्यानंतरच पहिली चाचणी करावी आणि तीही सिरीज बल्ब लावून, म्हणजे संचाशी एकसरीत तारेचा बल्ब जोडून. बल्बची क्षमता संचाच्या वॅटच्या आसपास किंवा थोडी जास्त असावी. एलईडी दिवा या कामाला निरुपयोगी आहे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर तत्काळ बंद करावे, आत शॉर्ट आहे.

पुष्कळ जण सांगतात की व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवावे म्हणजे जुने कंडेन्सर पुन्हा 'बसतात'. ज्या संचात रेक्टिफायर व्हॉल्व्ह आहे तेथे हा सल्ला अर्धाच खरा आहे. कमी व्होल्टेजवर त्या व्हॉल्व्हचा तंतू पुरेसा तापतच नाही, त्यामुळे कंडेन्सरपर्यंत काही पोचत नाही, आणि तंतू तापतो तेव्हा एकदम बरेच पोचते.

शेवटी जिवाचा प्रश्न. ज्या संचांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, ज्यांना एसी-डीसी संच म्हणतात, त्यांत पुरवठ्याची एक वायर सरळ चॅसीला (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला) जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर संपूर्ण चॅसी जिवंत होते, म्हणजे तिच्यात वीज उतरते. बटण निखळलेले असेल तर उघड्या दांड्यातून, बटणाच्या बारीक स्क्रूमधून किंवा मागच्या पुठ्ठ्याच्या भोकातूनही झटका बसू शकतो. असा संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संचाला पुरवठ्याच्या वायरींपासून विलग ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघडून चालवू नये. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. तो स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, तर काही किलोओहमच्या रेझिस्टरमधून उतरवावा आणि उतरला आहे हे मीटरने पाहावे. हे वाचून ज्यांना धास्ती वाटली असेल त्यांनी हे काम व्हॉल्व्ह हाताळलेल्या माणसाकडे द्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न : जुने भाग काढून नवे घातले तर संच अस्सल राहतो का? एका कारागिराने तर आतले सगळे काढून ब्लूटूथचा स्पीकर बसवण्याचे सुचवले आहे.

उत्तर : ब्लूटूथची सूचना ऐकून घ्यावी आणि संच घेऊन घरी यावे. रिकामे कॅबिनेट ही चांगली लाकडी पेटी असू शकेल, पण तो रेडिओ नव्हे. शिवाय त्याची गरजही नसते : अनेक संचांच्या मागे ग्रामोफोन पिकअपसाठी दोन भोकांचे सॉकेट असते आणि त्यातून आजच्या उपकरणाचा आवाज संचाला काहीही इजा न करता देता येतो. डाव्या-उजव्या वाहिन्या दोन रेझिस्टरमधून एकत्र कराव्या लागतात, एवढेच. वर सांगितलेल्या एसी-डीसी संचात मात्र हे सॉकेटही जिवंत असू शकते, तेव्हा तेथे मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

भाग बदलण्याच्या प्रश्नावर संग्राहकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वाजत नाही तो रेडिओ म्हणजे मढे. दुसरा म्हणतो, एक डाखही सोडवू नका. मला दोन्ही टोके मान्य नाहीत. तो संच कशासाठी महत्त्वाचा आहे यावर ते ठरते. लाखोंनी बनलेला टेबल रेडिओ सुरक्षितपणे दुरुस्त करून वाजवावा. त्याची अनेक अस्पर्श भावंडे जगात आहेत. परंतु एखादा संच फार थोड्या संख्येने उरलेला असेल, किंवा कारखान्यातून निघाला तेव्हापासून आत कोणाचाही हात लागलेला नसेल, तर तसे असणे हाच त्याचा पुरावा आहे, आणि तो मुका राहिला तरी चालेल.

दुरुस्ती करायची ठरलीच तर कंडेन्सरचे जुने कवच वाचवण्याची एक चांगली पद्धत आहे. कागदी नळीचा कंडेन्सर हलकेच गरम केला की टोकाचे मेण मऊ होते आणि आतली गुंडाळी बाहेर सरकते. त्या रिकाम्या नळीत नवा, आकाराने लहान पॉलिएस्टर कंडेन्सर घालून टोके पुन्हा मेणाने बंद करावीत. चॅसीच्या खाली पाहणाऱ्याला जुनेच दृश्य दिसते आणि विजेला नवा माल मिळतो. मात्र आत नवा भाग आहे हे नोंदवहीत लिहिलेच पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीतला अभ्यासक फसेल. पुरवठ्याच्या दोन वायरींमध्ये बसणाऱ्या कंडेन्सरच्या जागी एक्स वर्गाचा आणि वायर व चॅसी यांच्यामध्ये वाय वर्गाचा सुरक्षित कंडेन्सरच घालावा. तेथे साधा कंडेन्सर चालत नाही. कार्बनच्या रेझिस्टरांचा ओहमचा आकडा वयोमानाने वाढतो, तेव्हा ज्यांचा बराच वाढला असेल तेवढेच बदलावेत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठीसह पिशवीत घालून संचासोबतच ठेवावा.

आणि एक कळकळीची विनंती. आयएफ (मध्यवर्ती कंप्रता, जिच्यावर संच प्रत्येक स्टेशनचा सिग्नल आणून वाढवतो) ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांवरचे स्क्रू फिरवू नयेत. संच अशक्त वाजतो म्हणून पहिला हात तेथेच जातो, पण दोष बहुधा दुसरीकडे असतो, आणि एकदा ते स्क्रू हलले की सिग्नल जनरेटरशिवाय संच ४५५ किंवा ४७० किलोहर्ट्झवर, म्हणजे त्याच्या मूळ ठरलेल्या आयएफवर, परत आणणे कठीण होते.

प्रश्न : संचावर उत्पादनाचे वर्ष कोठेच नाही. तो किती जुना आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : एक पुरावा पुरत नाही, अनेक बारीक खुणा एकत्र वाचाव्या लागतात, आणि या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सुरुवात करावी. आठ पायांची ऑक्टल बैठक १९३५ मध्ये आली. काचेच्या तळातूनच सात पिना निघालेले छोटे व्हॉल्व्ह १९४० च्या सुमारास आणि नऊ पिनांचे नोव्हाल व्हॉल्व्ह दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाले. ट्यूनिंग दाखवणारा हिरवा मॅजिक आय असेल तर संच १९३५ च्या आधीचा नाही. युरोपीय व्हॉल्व्हचे पहिले अक्षर तंतूविषयी सांगते : ए म्हणजे चार व्होल्ट, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, डी म्हणजे बॅटरीवरचा १.४ व्होल्टचा, आणि यू म्हणजे शंभर मिलिअँपिअरच्या एकसरीतला. म्हणून चॅसीवर सगळे व्हॉल्व्ह यू अक्षराचे दिसले की वय नंतर पाहावे, आधी हात मागे घ्यावा : हा बहुधा ट्रान्सफॉर्मर नसलेला, जिवंत चॅसीचा संच आहे.

स्पीकरकडे पाहावे. त्याला कायम चुंबक नसून विजेवर चालणारे मोठे फील्ड कॉइल असेल, तर संच बहुधा महायुद्धापूर्वीचा असतो. त्या काळी तेच कॉइल वीजपुरवठ्याचे चोक (पुरवठा सपाट करणारे वेटोळे) म्हणूनही काम करत असे. अमेरिकी स्पीकरवर आणि पोटेन्शिओमीटरवर (आवाजाच्या बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरवर) पुष्कळदा सहा अंकांचा ठसा आढळतो. समजा तो २२०९३५ आहे. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, २२० म्हणजे जेन्सन. पुढचा नऊ हा वर्षाचा शेवटचा अंक, आणि ३५ हा आठवडा. दशक त्यात नसते, ते इतर खुणांवरून ठरवावे. पत्र्याच्या चॅसीवर हाताने ओढलेल्या वायरींऐवजी छापील सर्किट बोर्ड असेल तर आपण १९५० च्या दशकाच्या मध्यात किंवा त्यानंतर आहोत.

सर्वांत बोलकी असते ती डायल. युरोपीय संचांच्या काचेवर हिल्व्हरसम, अ‍ॅथलोन, कालुंडबोर्ग अशी गावांची नावे छापलेली असतात, आणि त्यांच्या जागा केंद्रांना कंप्रता वाटून देणाऱ्या, वेळोवेळी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांनी बदलत गेल्या. ल्युसर्नचा आराखडा १५ जानेवारी १९३४ पासून, कोपनहेगनचा १५ मार्च १९५० पासून आणि जिनिव्हाचा २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाला. डायलवरची स्टेशने त्या त्या आराखड्याशी ताडून पाहिली तर संच कोणत्या टप्प्यातला हे बरेच नेमके कळते. १५ मार्चच्या त्या बदलानंतर असंख्य चालू संचांच्या डायली एका रात्रीत चुकीच्या ठरल्या असणार, असा विचार माझ्या मनात अशी काच हातात घेतली की हमखास येतो. अमेरिकी संचावर ६४० आणि १२४० किलोहर्ट्झपाशी छोटे त्रिकोण असतील तर तो १९५३ ते १९६३ च्या दरम्यानचा. हवाई हल्ल्याच्या वेळी नागरिकांनी कोठे ऐकायचे हे दाखवणाऱ्या त्या खुणा होत. एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झ असा असेल तर संच जुन्या पट्ट्याच्या काळातला, कारण १९४५ मध्ये अमेरिकेने तो पट्टा ८८ ते १०८ वर हलवण्याचा निर्णय घेतला.

एक नियम कायम लक्षात ठेवावा : कोणताही संच त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही. यातला 'मूळ' हा शब्द मात्र निसटता आहे, कारण व्हॉल्व्ह बदलले जातात आणि स्पीकरही बदलले जातात. डाखाची चमक, वायरीचा रंग, स्क्रूच्या खाचेवरचे ओरखडे यांवरून मधल्या काळातला हात ओळखू येतो.

प्रश्न : बेकेलाइटचे कॅबिनेट निस्तेज झाले आहे. दुसऱ्या एका संचाचे पांढरे प्लास्टिक लोण्यासारखे पिवळे पडले आहे. दोन्ही पॉलिश करावेत का?

उत्तर : दोन्ही पदार्थ फिनॉलिक कुळातले असले तरी त्यांची प्रकृती वेगळी आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा मिसळून ते साच्यात दाबले जाते, आणि साच्यातून निघताना वर राळेची एक पातळ, गुळगुळीत साय येते. ऊन आणि घासणे या सायीचे शत्रू आहेत. ती निघून गेली की खालचा भुसा उघडा पडतो, पृष्ठभाग ओल शोषतो आणि मग कितीही पॉलिश केले तरी चमक टिकत नाही. म्हणून कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, पिळून काढलेले फडके, लगेच कोरडे करणे आणि वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, एवढ्यावर थांबावे. कडक क्षारयुक्त साबण आणि खरखरीत पॉलिश टाळावे.

पिवळा पडलेला संच बहुधा कॅटॅलिनचा असावा. हे ओतीव फिनॉलिक असते, त्यात भुसा नसतो. त्याचा पिवळेपणा वरच्या थरात असतो आणि घासून काढल्यास खालचा मूळ रंग दिसतो खरा, पण उघडा पडलेला रंग पुन्हा पिवळा होतोच आणि प्रत्येक वेळी थोडे साहित्य कायमचे जाते. माझ्या मते तो पिवळा रंग राहू द्यावा. खरी चिंता वेगळी आहे : कॅटॅलिन वर्षानुवर्षे आकसते, आतल्या चॅसीभोवती आवळत जाते आणि व्हॉल्व्हच्या उष्णतेने त्याला तडे जातात. चॅसी अडकलेली वाटली तर जोर लावू नये, आणि असा संच तासन्‌तास वाजवू नये.

प्रश्न : लाकडी कॅबिनेट घासून नवे पॉलिश करावे का? डायलची काचही काळवंडली आहे.

उत्तर : आधी काचेचे सांगतो, कारण तेथे चूक क्षणात होते. अक्षरे काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि ती छपाई पाण्यानेसुद्धा सुटू शकते. पुढची बाजू पुसावी. मागच्या बाजूला कोरड्या मऊ ब्रशपलीकडे काही लावू नये. अक्षरे सुटत असतील तर आहे त्या स्थितीत सरळ समोरून, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे.

लाकडाच्या बाबतीत, जे मळलेले असते त्याला लोक खराब झालेले समजतात. अर्ध्या शतकाचा धूर आणि हाताचा तेलकटपणा निघाला की खालचे मूळ पॉलिश अनेकदा चांगले निघते. ते कशाचे आहे हे तळाशी, न दिसणाऱ्या जागी तपासावे : स्पिरिट लावलेल्या काडीने थर मऊ झाला तर लाखेचे, स्पिरिटला दाद देत नसून लॅकर थिनरने विरघळत असेल तर नायट्रोसेल्युलोजचे. सिलिकॉन असलेले चकचकीत करणारे स्प्रे मुळीच वापरू नयेत, कारण त्याचा अंश लाकडात राहतो आणि पुढे कोणी नवा हात दिला तर तो ठिकठिकाणी फाटतो. व्हेनिअर सुटले असेल तर प्राणिज सरस वापरावा. तो उष्णता आणि ओल देऊन पुन्हा सोडवता येतो. आजचे झटपट चिकटणारे गोंद सोडवता येत नाहीत. कॅबिनेटखाली ताज्या भुकटीचे ढीग दिसले तर कीड जिवंत आहे, आणि तो संच त्याच दिवशी इतरांपासून दूर ठेवावा.

प्रश्न : अँटेना काढली तरी संचातून विजा चमकल्यासारखा कडकडाट येतो. कंडेन्सर सगळे बदलले आहेत.

उत्तर : आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या डब्याच्या तळाशी अभ्रकाच्या पातळ चकतीवर चांदीचे थर देऊन कंडेन्सर बनवलेले असतात. उच्च व्होल्टेजखाली चांदी अभ्रकावरून सरकते आणि मधूनमधून ठिणगी पडते. लक्षणे जुळतात. डबा उघडून चकती काढावी आणि तेवढ्याच क्षमतेचे वेगळे कंडेन्सर जोडावेत. नंतर सिग्नल जनरेटरने आयएफची जुळणी करावी लागेल.

प्रश्न : सुरुवातीचे ट्रान्झिस्टर रेडिओ जमवतो. यांना तर उच्च व्होल्टेज नाही, मग काय काळजी घ्यावी?

उत्तर : पहिला शत्रू आत विसरलेली बॅटरी. अल्कलाइन बॅटरीची गळती क्षारधर्मी असते, ती पाणी घातलेल्या व्हिनेगरने मारावी. जुन्या झिंक-कार्बन बॅटरीची गळती आम्लधर्मी असते, तेथे खाण्याच्या सोड्याचे सौम्य द्रावण चालते. दोन्ही वेळी काडीने, थेंबाथेंबाने.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. एएफ११४ ते एएफ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या धातूच्या टोपीत कथिलाचे सूक्ष्म केस उगवतात आणि आतल्या भागाला टोपीशी शॉर्ट करतात. या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात. त्यांपैकी टोपीला जोडलेला पाय आणि इतर तीन यांच्यात मीटरने काहीही जोड दिसता कामा नये. दिसली तर टोपीचा पाय सर्किटपासून सोडवावा, संच पुष्कळदा बोलू लागतो. कापण्याऐवजी डाख सोडवून पाय वर वळवला तर हा उपाय पूर्ववतही करता येतो. याखेरीज अशा अनेक संचांत बॅटरीचे धन टोक चॅसीला असते, तेव्हा बाहेरचा पुरवठा जोडताना ध्रुव दोनदा पाहावेत. उलटा जोडलेला पुरवठा जर्मेनियमला माफ करत नाही.

प्रश्न : जागा थोडी आहे. काय जमवावे? दुर्मीळ तेच घ्यावे का?

उत्तर : दुर्मीळपणाच्या मागे लागलेला संग्रह सहसा विस्कळीत होतो. एक सूत्र धरावे. तंत्राचे सूत्र धरल्यास गॅलेना क्रिस्टलच्या संचापासून रिजनरेटिव्हपर्यंत (वाढवलेल्या सिग्नलचा काही भाग मागे देऊन तो आणखी वाढवणाऱ्या संचापर्यंत), तेथून एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधलेल्या, आयएफवर चालणाऱ्या सुपरहेटरोडाइनपर्यंत, आणि पुढे ऑक्टोबर १९५४ मध्ये जाहीर झालेल्या, चार ट्रान्झिस्टरांच्या आणि साडेबावीस व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या रीजन्सी टीआर-१ पर्यंतचा प्रवास पाच-सहा संचांतही दाखवता येतो. आकाराचे सूत्र धरल्यास वेल्स कोट्स यांनी रचलेला १९३४ चा गोल बेकेलाइटचा एको एडी६५ हा मैलाचा दगड. इतिहासाचे सूत्र धरल्यास जर्मनीचा व्हीई३०१ पाहावा : तंत्रदृष्ट्या अगदी साधा, पण त्याच्या नावातला ३०१ हा आकडा ३० जानेवारी या हिटलरच्या सत्ताग्रहणाच्या तारखेवरून घेतलेला आहे, आणि घराघरांत प्रचार पोचवण्यासाठीच तो काढला गेला. अशा वस्तूजवळ तिची माहिती लिहिलेली असलीच पाहिजे. नुसती शोभेसाठी मांडणे मला योग्य वाटत नाही.

लष्करी संच घेताना डायलवर अंधारात चमकणारा जुना रंग असेल तर त्यात रेडियम असू शकते. तो खरवडू नये, काच उघडू नये. काही संचांत उष्णता अडवण्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसचा कागद असतो. तोही फाडू किंवा झटकू नये.

प्रश्न : मीडियम वेव्ह आणि लाँग वेव्हची केंद्रे बंद होत आहेत. संच दुरुस्त करून ऐकायचे काय?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. जर्मनीचे १५३ किलोहर्ट्झचे लाँग वेव्ह प्रसारण २०१४ च्या अखेरीस, फ्रान्सचा १६२ वरचा कार्यक्रम २०१६ च्या अखेरीस आणि आयर्लंडचे २५२ वरचे केंद्र एप्रिल २०२३ मध्ये थांबले. जेथे केंद्रे उरली आहेत तेथेही एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर त्यांना झाकून टाकते. दिवे बंद करून आणि चौकटीवर गुंडाळलेली लूप अँटेना फिरवून पाहावी, फरक पडतो. दुसरा मार्ग अगदी अल्प शक्तीच्या एएम मॉड्युलेटरचा : त्यातून आपल्या आवडीचे ध्वनिमुद्रण एका रिकाम्या जागेवर सोडता येते आणि सुई फिरवून ते स्टेशन लावता येते. त्याची कक्षा खोलीपुरती ठेवावी आणि आपल्या देशाचे नियम आधी पाहावेत. संच बदलावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

प्रश्न : नोंदवहीत नेमके काय लिहावे?

उत्तर : संच कोणाकडून आणि केव्हा आला, आला तेव्हाची स्थिती, मॉडेल आणि अनुक्रमांक, व्हॉल्व्हची यादी त्यांच्या जागांसह, मोजलेली व्होल्टेज, आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह. आधीच्या मालकाने सांगितलेली हकिकतही लिहावी, पण 'असे सांगण्यात आले' म्हणून; ती आणि आपण स्वतः पाहिलेले यांची सरमिसळ करू नये. नोंद संगणकावर ठेवली तरी तिचा एक कागद संचाजवळ असावा, कारण संच एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा संगणक सोबत जात नाही. त्या कागदावर फ्यूजची क्षमता, व्होल्टेज चकतीची जागा आणि चॅसी जिवंत असल्यास तसा इशारा सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहावा. कागद कॅबिनेटला आतून चिकटवू नये, गोंदाचा डाग लाकडात उतरतो. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकातून सुती दोरा ओवून तो बांधावा, आणि गरम होणाऱ्या व्हॉल्व्हपासून लांब राहील असे पाहावे.